पाचशेचं व्हाउचर, पाचशे एकोणनव्वदची फी

प्रश्न थोडक्यात: नाशिकच्या एक वाचक, वय ३८. घरी पाचवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात. महिन्याला अठरा-वीस हजार येतात, एप्रिल-मेमध्ये जवळजवळ काहीच नाही. किराणा घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटमधून भरतात. तिथे बिलिंग काउंटरशेजारी टॅब घेऊन उभ्या असलेल्या मुलाने दुकानाचं क्रेडिट कार्ड घ्यायचा आग्रह केला. वर्षाला ४९९ रुपये फी, सुरुवातीला ५०० रुपयांचं व्हाउचर, दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडच्या मालावर ५ टक्के आणि बाकी मालावर २ टक्के पॉइंट, वर्षात एक लाख खर्च झाला की पुढच्या वर्षीची फी माफ. यांनी पॅन नंबर सांगितला, ओटीपी मात्र दिला नाही. घरी विचारून सांगते म्हणाल्या. घरी मिस्टर म्हणाले, "कार्ड म्हणजे कर्ज. आपल्याला नको." त्यांचं स्वतःचं कार्ड मात्र आहे. "आठेक हजारांचं सामान तसंही तिथूनच येतं, मग मिळणारी सूट का सोडायची?" असं त्या विचारतात. सोबत गेल्या तीन महिन्यांच्या बिलांचे फोटो पाठवले आहेत. आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "माझ्या नावावर आजवर ना कर्ज आहे ना कार्ड, निदान हे तरी असेल."

ताई,

ओटीपी दिला नाहीत, फार बरं केलंत. "फक्त तुम्हाला ऑफर आहे का बघतो" असं म्हणून टॅबवर मागितलेला ओटीपी पुष्कळदा अर्जाचीच संमती असतो. मग बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट (कर्जं आणि कार्डं कशी फेडली त्याची नोंदवही) मागवते आणि त्याची नोंद रिपोर्टमध्ये राहते, कार्ड मिळो न मिळो. शिकवणीचं उत्पन्न दाखवायला बँका बहुधा आयकर रिटर्न मागतात. ते नसेल तर अर्ज नामंजूर व्हायचा आणि नोंद तेवढी मागे राहायची. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला दिवसाचं टार्गेट असतं, आणि मागे रांग खोळंबलेली असताना माणूस पटकन हो म्हणतो, हे त्याला चांगलं ठाऊक असतं. म्हणून असा निर्णय काउंटरवर घेऊच नये. तुम्ही घेतला नाहीत.

आता बिलं. तुम्ही लिहिलंय आठेक हजार. फोटोंमधली बिलं आहेत ४,३१०, ३,८७० आणि ४,४२० रुपयांची. बेरीज १२,६००, म्हणजे महिन्याला सरासरी ४,२००. तुम्ही खोटं लिहिलं असं मुळीच म्हणत नाही. आपल्या सगळ्यांचंच असं होतं. महिन्याचं 'सामान' म्हटलं की डोक्यात दूध, भाजी, गल्लीतल्या दुकानातून ऐन वेळी आणलेली साखर आणि चहापूड, चक्कीवरचं दळण, सगळं एकत्र येतं. त्यातलं निम्मंच त्या सुपरमार्केटचं आहे, आणि दूधवाला काही तुमचं कार्ड घेणार नाही. "आपण तिथे खर्च करतोच" या वाक्यातला 'तिथे' किती रुपयांचा आहे, एवढं पाहिलं तरी कार्डाचा अर्धा हिशोब होतो. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनीही ड्रॉवरमधली जुनी बिलं काढावीत. बिलं नसतील तर यूपीआयची हिस्टरी आहेच.

उरलेला हिशोब करू. तुमच्या तिन्ही बिलांत दुकानाच्या ब्रँडचा माल (तूरडाळ, रवा, फरशी पुसायचं लिक्विड) सरासरी ९०० रुपयांचा दिसतो. त्यावर ५ टक्के, म्हणजे ४५. उरलेल्या ३,३०० वर २ टक्के, म्हणजे ६६. महिन्याला १११ रुपयांचे पॉइंट, वर्षाला १,३३२. आता फी. टॅबवर ४९९ दिसतात, पण त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५८९. "पाचशेचं व्हाउचर, म्हणजे फी वसूल" हे तिथेच चुकतं. वर अशा व्हाउचरला किमान खरेदीची अट असते का, तेही पाहावं लागतं. १,३३२ मधून ५८९ गेले की उरतात ७४३. महिन्याला बासष्ट रुपये. पहिल्या वर्षी व्हाउचर पूर्ण वापरता आलं तर आणखी पाचशे धरा.

बासष्ट रुपये वाईट नाहीत, एका गिरणी-फेरीचे पैसे सुटतात. फक्त तेवढ्यासाठी काय काय सांभाळावं लागेल तेही बघायला हवं.

तुमच्या फेब्रुवारीच्या बिलात शेवटून तिसरी ओळ आहे 'एअरटाइट डबे, ६चा सेट, ३४९'. तुम्ही कशासाठी घेतलेत मला माहीत नाही, कदाचित लागतही असतील. पण पॉइंट मिळतात म्हणून महिन्यातून एकदा असा एक सेट ट्रॉलीत पडला, तर वर्षाला चार हजारांवर रुपये जातील आणि मिळतील ७४३. दुकान हे कार्ड काढायला तयार होतं ते याच हिशोबावर. दुकान धर्मादाय चालत नाही, आणि त्यात गैरही काही नाही.

एक लाखाची अटही तशीच. तुमचा तिथला वर्षाचा खर्च ५०,४००. लाख गाठायला आणखी ४९,६०० लागतील, महिन्याला चार हजारांहून जास्त. ५८९ ची फी वाचवायला. लाईट बिल, गॅस, मोबाइल रिचार्ज त्यावर टाकून लाख गाठता येईल असं वाटतं, पण बऱ्याच कार्डांच्या अटींत भाडं, इंधन, वॉलेट भरणं, कधी विमा आणि युटिलिटी बिलं मोजलीच जात नाहीत. शिवाय अटी वाटेत बदलतात. फ्लिपकार्ट-ॲक्सिस कार्डाची फी आधी वर्षाला दोन लाख खर्चावर माफ व्हायची, २०२३ मध्ये ती मर्यादा साडेतीन लाख झाली. कार्ड तेच, माणूस तोच, घरखर्चही तोच.

आता पॉइंटांबद्दल थोडं, कारण इथे मी स्वतः फसलेय. काही वर्षांपूर्वी असंच एका दुकानाचं कार्ड माझ्याकडे होतं. पॉइंट साठवत गेले. १,८४० झाले तेव्हा मोठ्या ऐटीत घरच्यांना सांगितलं. मग मेसेज आला, मार्चअखेर वापरले नाहीत तर पॉइंट रद्द. धावतपळत गेले, आणि घरात एक चालू किटली असताना दुसरी इलेक्ट्रिक किटली घेऊन आले. वरचे दोनशे रुपये खिशातून भरले. पुढच्याच वर्षी त्या दुकानाची आमच्या भागातली शाखा बंद झाली. दुसरी किटली अजून माळ्यावर खोक्यातच आहे. तेव्हापासून मी पॉइंटांना रुपये म्हणत नाही. ज्या दुकानातून मिळाले त्याच दुकानात परत द्यायचे असतील, तर ते दुकानाचे पैसे, आपल्याकडे फक्त ठेवायला दिलेले.

सगळीकडे असंच असतं असं नाही. ॲमेझॉन पे-आयसीआयसीआय कार्ड २०१८ मध्ये आलं, त्याला वार्षिक फी नाही. प्राइम सदस्याला ॲमेझॉनवरच्या खरेदीवर ५ टक्के, इतरांना ३ टक्के, बाहेर बऱ्याच ठिकाणी १ टक्का. ते पैसे ॲमेझॉन पेच्या शिलकीत जमा होतात आणि त्या शिलकीतून रिचार्ज, वीजबिलही भरता येतं. टाटा न्यूच्या कार्डावर 'न्यूकॉइन' मिळतात. एक कॉइन म्हणजे एक रुपया, पण तो बिगबास्केट, क्रोमा, वनएमजी अशा टाटांच्या घरातच चालतो. ज्या घरात औषधं, भाजी, एखादा मिक्सर हे सगळं तिथूनच येतं, त्यांना तो रुपयासारखाच. ज्यांचं तिथे वर्षातून एकदाच जाणं होतं, त्यांना तो चॉकलेटच्या सोनेरी नाण्याइतकाच. तेव्हा कार्ड घेताना टक्के किती हे विचाराच, पण ते टक्के खर्च कुठे करता येतात हेही विचारा. आणि तुमच्या दुकानात आणखी एक गोष्ट विचारा: बिल करताना मोबाइल नंबर सांगितला की कार्डाशिवाय काही पॉइंट मिळतात का? बऱ्याच दुकानांत मिळतात. मग कार्डामुळे वर किती मिळतं, तेवढाच फरक मोजायचा.

आता मिस्टरांचं म्हणणं. "कार्ड म्हणजे कर्ज" हे पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. बिलाची पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेच्या आत भरली तर खरेदीपासून पंचेचाळीस-पन्नास दिवसांपर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. त्याला कर्ज म्हटलं तरी ते गल्लीतल्या वाण्याच्या वहीसारखं, पहिल्या तारखेला चुकतं करायचं. त्यांचं स्वतःचं कार्ड असंच चालत असणार. पण बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून जो छोटा आकडा छापलेला असतो, तो भरून निभावलं की वही संपते आणि सावकारी सुरू होते.

उदाहरण घ्या. वीस हजारांचा फ्रिज घेतला, बिल आलं, तुम्ही किमान ५ टक्के, म्हणजे हजार रुपये भरले. उरले १९,०००. या कार्डांचं व्याज महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतं, वर्षाला बेचाळीस ते पंचेचाळीस. पावणेचारने महिन्याचं व्याज ७१२ रुपये, त्यावर जीएसटी १२८, मिळून ८४०. हजार भरले त्यातले ८४० व्याजात गेले, मुद्दलातून गेले १६०. (हा हिशोब सोपा करून सांगितलाय, प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून लावतात, म्हणजे थोडं जास्तच.) शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, शंभर रुपयांची डाळ घेतली तरी पहिल्या दिवसापासून व्याज. एका महिन्यात ८४० गेले, आणि वर्षभराचा फायदा होता ७४३. व्याज बाजूला ठेवलं, नुसती तारीख चुकली, तरी पाच-सात हजारांच्या बिलावर बऱ्याच बँका पाचशे ते साडेसातशे विलंब शुल्क घेतात, वर जीएसटी. म्हणजे वर्षात एकदा चुकलात तरी बासष्ट रुपयांचा हिशोब मोडलाच. आणि या व्याजाला न्यायालय लगाम घालेल अशी आशाही धरू नका. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

मला काळजी आहे ती तुमच्या मे महिन्याची. एप्रिल-मे शिकवण्या बंद. जूनमध्ये शाळा सुरू होतात तेव्हा वह्या, रेनकोट, छत्र्या, वर्षभराचं धान्य भरायचं असेल तर तेही. त्या खरेदीचं बिल येईल जूनअखेर-जुलैत, आणि नव्या वर्षाच्या शिकवणीची फी काही पालक जूनमध्ये देतात, काही "पुढच्या महिन्यात देते मॅडम" म्हणतात. तुमच्यासारख्या कमी-जास्त उत्पन्नाच्या घरात कार्डाची मर्यादा बँक ठरवेल ती नाही धरायची. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यात जेवढं फेडता येईल, तेवढीच आपली मर्यादा. ॲपमध्ये ती स्वतःहून कमी करून ठेवता येते.

आणि आता ती शेवटची ओळ. मला वाटतं खरं पत्र तेवढंच होतं, वरचं सगळं त्याची प्रस्तावना. पाच टक्के डाळीचे नकोत तुम्हाला, तुमचं नाव कुठेतरी लिहिलेलं हवंय. अगदी रास्त आहे. अडतीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या बाईच्या नावावर क्रेडिटची एकही नोंद नसणं म्हणजे उद्या क्लाससाठी जागा घ्यायची झाली, मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं झालं, तर बँकेसमोर तुम्ही अनोळखी. सिबिल या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. तुमचा कमी नाही, तो नाहीच. मिस्टरांच्या कार्डावर ॲड-ऑन कार्ड घेणं हे यावर उत्तर नाही. त्यावर नाव तुमचं असलं तरी बिलाची जबाबदारी त्यांची, त्यामुळे इतिहासही त्यांचाच बनतो.

पण नाव लिहायचंच तर ते दुकानाच्या भिंतीवर कशाला? तुमचं खातं ज्या बँकेत आहे तिथे जाऊन, एफडी ठेवून मिळणाऱ्या कार्डाची चौकशी करा. किमान रक्कम बँकेनुसार वेगळी असते, पण पंधरा-वीस हजारांच्या एफडीवर अनेक ठिकाणी असं कार्ड मिळतं, आणि रकमेच्या साधारण ऐंशी-नव्वद टक्के मर्यादा देतात. एफडीवरचं व्याज चालूच राहतं. उत्पन्नाचा पुरावा फारसा लागत नाही, कारण तारण तुमचंच असतं. त्यावर महिन्याला हजार-दीड हजारांचाच खर्च करा, मोबाइल रिचार्ज आणि एखादी किराण्याची खेप, आणि बिल पूर्ण भरत जा. साधारण सहा महिन्यांत पहिला स्कोअर दिसू लागतो. आपला रिपोर्ट वर्षातून एकदा सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून फुकट मिळतो. एकदा काढून बघाच, कारण काहीच नाही असं वाटत असताना त्यात कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिल्याची जुनी नोंद सापडल्याचीही उदाहरणं आहेत. वर्षभराने तुमच्याच बँकेकडे बिनफीचं साधं कार्ड मागा. मग दुकानाचं घ्यायचंच असेल तर तेव्हा घ्या. तेव्हा तुम्हाला निवडता येईल. आज तो मुलगा तुम्हाला निवडतोय.

एवढं सांगूनही "नाही, मला हेच हवं" असं म्हणालात, तर तेही चालेल. पण तीन गोष्टी करून घ्या. एक, ऑटो-डेबिटच्या फॉर्मवर दोन चौकोन असतात, 'किमान देय' आणि 'एकूण देय'. टिक 'एकूण'वरच करा, आणि आधीच टिक केलेली आहे का तेही बघा. दोन, कार्डावर दुकानाचं नाव मोठं असलं तरी ते देते बँक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दुकानाला ते स्वतःचं कार्ड म्हणून विकताही येत नाही. तेव्हा तक्रार काउंटरवर करू नका, बँकेकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. तीन, नको झालं तर बंद करा, ड्रॉवरमध्ये टाकून देऊ नका, फी तिथेही पोचते. सगळी बाकी भरलेली असेल तर विनंती केल्यापासून सात कामकाजी दिवसांत बँकेने कार्ड बंद केलं पाहिजे. नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे पाचशे रुपये दंड बँक तुम्हाला देणं लागते. हा नियम फार लोकांना माहीत नसतो. कस्टमर केअरवाले "मॅडम, एक वर्ष फी माफ करतो, राहू द्या" म्हणाले की आपण विरघळतो.

आणि घरी बसून कार्ड आलं, तुम्ही ते सुरूच केलं नाही, तर तीस दिवसांनंतर बँकेला ओटीपीने तुमची संमती घ्यावी लागते. तुम्ही दिली नाहीत तर खर्च न लावता ते बंद करावं लागतं. तो ओटीपी आला तर 'व्हेरिफिकेशन'साठी आहे असं कुणी फोनवर सांगेल. देऊ नका.

मिस्टरांना हे वाचून दाखवलंत तर ते बहुधा कर्जाच्या परिच्छेदापाशी मान डोलावतील आणि एफडीच्या परिच्छेदापाशी विचारतील, "एफडी कुणाच्या नावावर?" तुमच्या. शिकवणीच्या पैशातून, तुमच्या खात्यातून.

पुढच्या महिन्यात सामान भरायला जाल तेव्हा तो मुलगा पुन्हा भेटेलच. त्याला विचारा, फी पहिल्या वर्षापासून लागते का, पॉइंट किती महिन्यांत रद्द होतात, आणि व्याज महिन्याला किती. "मॅडम, ते सगळं ॲपमध्ये आहे" असं तो म्हणेल. मग ॲपमध्ये दाखव म्हणा, आणि तो दाखवेपर्यंत तिथेच उभ्या राहा, मागे रांग असली तरी.